उत्तर आधी, प्रश्न मागाहून

रात्रीचे अडीच वाजून गेले होते. चॅटवर तिनं लॉगच्या, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीतल्या, दोन ओळी चिकटवल्या, एकीखाली एक. आमचा क्लाउड तीन मुख्य सर्व्हर सांभाळतात, त्यांना कंट्रोलर म्हणतात. पहिली ओळ पहिल्या कंट्रोलरची: ०२:१४:३७, विनंती पाठवली. दुसरी तिसऱ्या कंट्रोलरची: ०२:१३:१५, विनंती मिळाली, उत्तर दिलं. दोन्हींत विनंतीचा क्रमांक तोच, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. खाली तिचं एकच वाक्य होतं, "सर, उत्तर प्रश्नाच्या आधी आलंय." ती आमच्याकडे रुजू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मी सलग चार रात्री जागलेला, दुसऱ्या खिडकीत डेटाबेसशी झटापट चाललेली, आणि तिच्या त्या दोन ओळींकडे मी फार तर तीन सेकंद पाहिलं असेल. "टाइमझोन बघ," मी टाइप केलं. "दोन लॉग नीट जुळव, तू चुकीचं वाचते आहेस." वेळ ०२:३१. तिनं "ओके सर" लिहिलं आणि ती गप्प झाली.

त्या बिघाडाचं पुढे काय झालं ते सांगेनच, पण मला छळतं ते हे "ओके सर". कामात अशी घाईची उत्तरं आपण दिवसातून दहा वेळा देतो. बहुतेक वेळा ती बरोबर निघतात, म्हणून तर सवय लागते. त्या रात्रीचं उत्तर मात्र नुसतं चूक नव्हतं, ते असंभव होतं. टाइमझोन तासाने सरकतात, अर्ध्या तासाने, फार तर पाऊण तासाने. तिनं दाखवलेल्या दोन वेळांत ब्याऐंशी सेकंदांचं अंतर होतं. नुसती वजाबाकी केली असती तरी पुरलं असतं.

जगातला कुठलाही टाइमझोन ब्याऐंशी सेकंदांचा नसतो.

चार रात्रींपासून आमचा क्लाउड आजारी होता. आजारी म्हणजे बंद पडलेला नव्हे. बंद पडलं की निदान कुठे हात घालायचा ते कळतं. नवीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा सॉफ्टवेअरचा संगणक, मागितलं की कधी पटकन मिळायचं, कधी "नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड" असा संदेश तोंडावर यायचा. कुठलाही यजमान, म्हणजे ते मशीन पोटात घेणारा खरा सर्व्हर, उपलब्ध नाही. आणि यजमान तर ढिगाने होते, निम्मे रिकामे. सर्व्हरची यादी काढली की त्यातले काही मेलेले दिसायचे. दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा यादी काढली की ते जिवंत, आणि दुसरेच कुणीतरी मेलेले. प्रत्यक्ष त्या मेलेल्या मशीनवर लॉगिन केलं तर तिथे सगळं ठणठणीत: पंखे फिरताहेत, सेवा चालू आहेत, कुणाच्याही लॉगमध्ये साधी तक्रार नाही. आम्ही नेटवर्कच्या केबली बदलल्या, मेसेज क्यू, म्हणजे सेवांमधल्या निरोपांची रांग, दोनदा पुसून उभा केला, डेटाबेसच्या जोडण्या मोजल्या. सेवा रीस्टार्ट केल्या की घटकाभर बरं वाटायचं. ते बरं वाटणंही योगायोगाचं होतं हे नंतर कळलं.

या सगळ्यात घड्याळाचा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. पहिल्याच रात्री मी तिन्ही कंट्रोलरवर टाइमडेटसीटीएल ही वेळेची स्थिती सांगणारी आज्ञा चालवून पाहिली होती. त्यात एक ओळ असते, एनटीपी सेवा, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा, सक्रिय आहे की नाही. तिन्हीकडे सक्रिय. मी पुढे गेलो. त्याच ओळीच्या बरोबर वर दुसरी ओळ असते: सिस्टिमचं घड्याळ जुळलेलं आहे का? तिथे तिन्हीकडे "नो" लिहिलेलं होतं. ते अक्षर माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मी ते वाचलं नाही. आमच्या देखरेखीच्या पडद्यावरही वेळेचा चौकोन हिरवागार होता, कारण तो एवढंच तपासत होता की घड्याळ जुळवणारी क्रोनी नावाची प्रक्रिया जिवंत आहे का. ती जिवंत होतीच. ती काय सांगते आहे, हे कुणी विचारत नव्हतं.

बाबांच्या खोलीत लंबकाचं घड्याळ होतं. दर रविवारी सकाळी ते स्टुलावर चढून त्याला चावी द्यायचे. चावीचा तो कर्र-कर्र आवाज, काचेचं दार उघडलं की येणारा तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास, आणि खाली उभा राहून स्टूल धरणारा मी. चावी देऊन झाली की ते रेडिओ लावायचे. बातम्यांच्या आधी वेळेचे इशारे वाजतात त्यांतल्या शेवटच्या लांब इशाऱ्यावर नजर काट्याकडे. मग खिशातली छोटी डायरी काढून पेन्सिलीने लिहायचे, अधिक वीस सेकंद, उणे पाच सेकंद. काटे ते क्वचितच हलवायचे. लंबकाच्या टोकाखाली एक बारीक चकती असते, ती फिरवली की लंबकाचा गोळा किंचित वर किंवा खाली सरकतो आणि घड्याळाची चाल जलद किंवा मंद होते. बाबा डायरीतले मागचे आकडे बघून ती पाव फेरा फिरवायचे. "आजची चूक नुसती पुसून उपयोग नाही," म्हणायचे, "ते रोज किती चुकतं ते बघायला हवं." पुढे कित्येक वर्षांनी क्रोनीची ड्रिफ्ट फाइल पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा मला ती डायरीच आठवली. त्या फाइलमध्ये एकच ओळ असते: हे घड्याळ दर दहा लाख सेकंदांमागे किती सेकंद पुढे किंवा मागे पडतं, आणि त्या अंदाजात चूक किती असू शकते. बाकी काही नाही.

आणि घड्याळ पुढे गेलेलं असलं तर? काटे उलटे फिरवायचे नाहीत हा बाबांचा कडक नियम होता. टोल्यांची यंत्रणा बिघडते. एकदा मीच खेळता खेळता चकतीशी चाळा केला होता, घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलेलं सापडलं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी दार उघडलं, लंबक दोन बोटांत धरला आणि थांबवला. खोली एकाएकी एवढी शांत झाली की मी घाबरून विचारलं, आता काय होणार? ते म्हणाले, "काही नाही. त्याला जरा दम खाऊ दे. वेळ येईल तिथपर्यंत." दहा मिनिटं आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. मग त्यांनी लंबकाला बोटाने हलकासा धक्का दिला.

सर्व्हरच्या बोर्डावरही शेवटी एक थरथरणारा तुकडाच असतो. क्वार्ट्झचा स्फटिक. बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोनाचा पंधरावा घात, त्यामुळे पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद हाती येतो. स्फटिक प्रामाणिक असतो पण हवेवर जातो. गरम झाला की चाल बदलते, जुना झाला की बदलते, आणि एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन स्फटिकही सारखे नसतात. दहा लाखांत पन्नासची चूक म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला चार सेकंदांहून जास्त. रात्री बॅकअप सुरू होऊन सर्व्हर तापले की त्यांच्या घड्याळांच्या चालीत पडणारा फरक आलेखावर डोळ्यांनी दिसतो. मी तो आलेख खूप वेळा नुसताच बघत बसलो आहे. एवढ्या मोठ्या पोलादी कपाटांच्या पोटात हा नखाएवढा जीव ऊन-सावली ओळखतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि ही हजारो नखाएवढी घड्याळं एकमेकांशी जुळतात कशी, तर डेव्हिड मिल्स यांच्यामुळे. डेलावेअर विद्यापीठातले हे प्राध्यापक. १९८५ साली त्यांनी एनटीपीचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला, आणि पुढची कित्येक दशकं ते त्याच एका प्रश्नाशी बसले. जन्मापासून काचबिंदू होता, नजर कायम अधू, उतारवयात तर दिसेनासंच झालं. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. त्या दिवशी मी ऑफिसात होतो आणि माझ्यासमोरच्या प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचंच काम चालू होतं. कल्पना इतकी साधी आहे की लहान मुलाला सांगता येईल. मी तुला वेळ विचारतो आणि विचारल्याची माझी वेळ लिहून ठेवतो. तू प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची तुझी वेळ लिहितोस. उत्तर माझ्या हाती पडतं ती चौथी वेळ. या चार आकड्यांतून प्रवासाचा वेळ वजा करता येतो आणि आपल्या दोघांच्या घड्याळांतला फरक उरतो. फक्त एक गोष्ट गृहीत धरावी लागते: जायला जितका वेळ लागला तितकाच यायला लागला. जाताना दहा मिलिसेकंद आणि येताना तीस लागले असतील, तर दहा मिलिसेकंदांची चूक हिशोबात कायमची घुसते आणि ती कुठूनही दिसत नाही. ती जागा मला नेहमी हळवी वाटत आली आहे. एवढ्या काटेकोर गणिताच्या मुळाशी वाटेवरचा विश्वास आहे.

पाचव्या दिवशी दुपारी मला ते सापडलं. शोधत नव्हतो, तिन्ही कंट्रोलरवर एकच आज्ञा एकाच वेळी चालवायची होती म्हणून तीन खिडक्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या वरच्या पट्टीत वेळ दिसत होती. पहिलीत १५:०७. दुसरीत १५:०७. तिसरीत १५:०५. मी डोळे मिटून उघडले. डेट आज्ञा चालवली, तिन्हीकडे एकदम. तिसरा कंट्रोलर त्र्याऐंशी सेकंद मागे होता. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, कारण बिघाड सापडल्याच्या आनंदाआधी मला आठवल्या त्या दोन ओळी. ब्याऐंशी सेकंदांचं अंतर: त्र्याऐंशी घड्याळाचे, वजा एक सेकंद विनंतीच्या खऱ्या प्रवासाचा आणि कामाचा. रात्री अडीच वाजता तिनं आजाराचं नाव, गाव आणि माप माझ्या हातात ठेवलं होतं.

मग सगळं उलगडत गेलं. ओपनस्टॅकमध्ये, म्हणजे आमचा क्लाउड ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात, व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रत्येक कंप्युट सर्व्हर दर दहा सेकंदांनी "मी आहे" असा निरोप देतो. तो निरोप तिन्हीपैकी एखादा कंट्रोलर घेतो आणि स्वतःच्या घड्याळाची वेळ टाकून डेटाबेसमध्ये नोंदवतो. नोंद साठ सेकंदांहून जुनी दिसली तर तो सर्व्हर मेला असं धरलं जातं. म्हणजे ज्यांचा निरोप तिसऱ्या कंट्रोलरच्या हाती पडायचा, त्यांची नोंद लिहितानाच त्र्याऐंशी सेकंद शिळी असायची. पहिला आणि दुसरा कंट्रोलर त्या नोंदीकडे बघून म्हणायचे, गेला. पुढच्या दहा सेकंदांनी निरोप दुसऱ्याच्या हाती पडला की तोच सर्व्हर पुन्हा उठून बसायचा. आणि तिसरा कंट्रोलर? त्याच्या दृष्टीने बाकी दोघांनी केलेल्या नोंदी भविष्यातल्या होत्या. तो हिशोब फरकाची फक्त लांबी बघतो, दिशा बघत नाही. त्यामुळे त्याच्या लेखी सुमारे दोन तृतीयांश सर्व्हर मेलेले आणि त्यानं स्वतः नोंदवलेले तेवढे जिवंत. एकाच क्षणी, एकाच डेटाबेसकडे बघून, तिघं मिळून दोन वेगळ्या याद्या वाचत होते. तिघंही आपापल्या घड्याळाप्रमाणे बरोबर होते. प्रत्येक सॉफ्टवेअरची सहनशक्तीही वेगळी असते. ओळख पटवणारं कर्बरोस पाच मिनिटांपर्यंत चालवून घेतं. सेफ हे डेटा साठवणारं सॉफ्टवेअर; त्याच्या मॉनिटर नावाच्या देखरेख सेवेला एका सेकंदाचा विसावा भाग जास्त झाला तरी ती ओरडते. आमचे सेफचे मॉनिटर वेगळ्या मशीनवर होते आणि ते आपसांत जुळलेले होते, म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं.

घड्याळ जुळवलं का गेलं नाही, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर क्रोनीच्या स्रोतांच्या यादीत दोन फुल्या होऊन उभं होतं. त्या यादीत ज्या स्रोतावर घड्याळाचा भरवसा असतो त्याच्यापुढे चांदणी असते, आणि जो खोटं बोलतो असा संशय असतो त्याच्यापुढे फुली. आमच्याकडे वेळ देणारे दोन सर्व्हर होते. दोघांपुढेही फुली. दोन सर्व्हर ठेवताना आम्हाला वाटलं होतं एक पडला तर दुसरा आहे. पण घड्याळं पडण्याआधी चुकतात, आणि दोनातलं एक चुकलं तर कुठलं, हे दोघांकडे बघून कधीच कळत नाही. जुन्या गलबतांवरच्या खलाशांना हे पक्कं ठाऊक होतं; वेळेवरून रेखांश काढायचा, आणि चार सेकंद चुकले की विषुववृत्तावर जवळजवळ दोन किलोमीटर चुकले. १८३१ साली बीगल जहाज प्रवासाला निघालं ते बावीस क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरची अचूक घड्याळं, घेऊन. आम्ही दोनांवर निघालो होतो. त्यातला दुसरा सर्व्हर बाहेरच्या जगापासून केव्हाच तुटलेला होता: फायरवॉलच्या एका बदलात त्याची १२३ क्रमांकाच्या पोर्टवरची, म्हणजे एनटीपीची, वाट बंद झाली होती. आणि त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं की बाहेरून वेळ मिळाली नाही तर स्वतःचीच वेळ अधिकृत म्हणून वाटत राहा. तो वाटत राहिला. चार सेकंद चुकीची वेळ, कुठल्याही शंकेशिवाय. त्यावर कडी म्हणजे हे दोन्ही सर्व्हर व्हर्च्युअल मशीन होते आणि त्याच क्लाउडच्या पोटात चालत होते, ज्याला त्यांनी वेळ द्यायची. दोन स्रोत भांडताहेत असं दिसल्यावर क्रोनीनं योग्य तेच केलं. कुणाचंच ऐकलं नाही, लॉगमध्ये "बहुमत नाही" असं लिहिलं आणि थांबलं. तशी ओळ दर काही वेळाने होती. आम्ही ती वाचत नव्हतो.

जुने दोन कंट्रोलर आपापल्या ड्रिफ्ट फाइलच्या आधाराने दीड-दोन सेकंदांच्या आत तग धरून होते. तिसऱ्याला तो आधार नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा मदरबोर्ड बदलला होता आणि सोमवारपर्यंत तो चाचणीसाठी बाजूला ठेवलेला होता. नव्या बोर्डाला जुन्या स्फटिकाची ड्रिफ्ट फाइल लागली होती, म्हणजे औषध एकाचं आणि घेणारा दुसराच. आणि नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरुवातीची वेळ कुणीतरी हाताने भरली होती.

ती मी भरली होती.

मला तो क्षण स्वच्छ आठवतो. डेटासेंटरमधली ती थंडगार गल्ली, कानावर पंख्यांचा अखंड घोंघाट, ढकलगाडीवरचा कीबोर्ड, निळा पडदा. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तास आणि मिनिटं टाइप केली, सेकंदांच्या जागी शून्य टाकलं. पुढे क्रोनी बघून घेईल, असं म्हणून एंटर दाबलं. त्या त्र्याऐंशी सेकंदांतले माझ्या मनगटाचे किती आणि पुढच्या तीन आठवड्यांत स्फटिकाने भर घातलेले किती, हे आता वेगळं काढता येत नाही. खूप विचार केला, नाही निघत. पण सुरुवात माझ्या हाताची. जो माणूस रविवारी रेडिओचा इशारा ऐकत स्टूल धरून उभा राहायचा, त्यानं सेकंदाच्या जागी शून्य टाकलं.

दुरुस्ती त्या मानाने सरळ होती. तिसरा कंट्रोलर विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमधून काढला, त्याच्यावरच्या सेवा थांबवल्या, आणि घड्याळ एका उडीत पुढे आणलं. सेवा चालू ठेवून हळूहळूही आणता आलं असतं; क्रोनी जास्तीत जास्त एक द्वादशांश वेगाने घड्याळ ढकलतो, त्याला सतरा मिनिटं पुरली असती. एनटीपीडी या घड्याळ जुळवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमच्या हातात ते दिलं असतं तर त्याच्या दहा लाखांत पाचशेच्या मर्यादेने शेहेचाळीस तास लागले असते. पहिले दोन कंट्रोलर मात्र दीडेक सेकंद पुढे होते, आणि तिथे मी उडी मारू दिली नाही. मागे उडी मारली की एकच सेकंद दोनदा येतो. डेटाबेसमध्ये नंतरची नोंद आधीची होऊन बसते, पुढच्या वेळेचा अलार्म लावून बसलेली प्रोग्रॅमं गोंधळतात. कॉन्फिगरेशनमधली उडीची ओळ तात्पुरती झाकली आणि घड्याळाला मंद केलं. दम खाऊ दे. वेळ येईल तिथपर्यंत. वीस सेकंदही लागले नाहीत.

वेळ देणारी नवी मशीन क्लाउडच्या बाहेर, बेअर मेटलवर, म्हणजे थेट खऱ्या सर्व्हरवर, बसवली आणि प्रत्येकाला चार-चार स्वतंत्र स्रोत दिले, म्हणजे एक खोटं बोलू लागला तरी उरलेले तिघं त्याला ओळखतील. स्वतःचीच वेळ वाटणारी ती ओळ सगळीकडून काढली. देखरेखीचा चौकोन आता प्रक्रिया बघत नाही, फरक बघतो. हे सगळं करून झाल्यावर मी क्रोनीच्या यादीतला "रीच" नावाचा रकाना बघत बसलो. शेवटच्या आठ प्रश्नांपैकी कितींना उत्तर आलं हे तो अष्टमान, म्हणजे शून्य ते सात एवढ्याच अंकांच्या, पद्धतीत सांगतो. प्रत्येक उत्तरागणिक आकडा वाढतो. १. मग ३. मग ७. चौसष्ट सेकंदांनी एक उत्तर. १७. ३७. ७७. खोलीत कुणी नव्हतं. १७७. साडेसात मिनिटांनी ३७७, आणि नावापुढे चांदणी. मी कितीतरी वर्षं हे आकडे वाढताना पाहिले आहेत, पण त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बसून राहिलो, जसं लंबक धरलेल्या बाबांबरोबर बसलो होतो.

घरी येताना डोक्यात लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७८ चा तो प्रसिद्ध शोधनिबंध घोळत होता. कॉलेजात वाचला होता, परीक्षेपुरता. त्यात ते म्हणतात की एकमेकांपासून दूर असलेल्या यंत्रांत घटनांचा क्रम लावायला घड्याळ लागतच नाही. निरोप पाठवणं हे निरोप मिळण्याच्या आधीच घडलेलं असणार. एवढं धरून चाललं की क्रमाची एक साखळी आपोआप उभी राहते. तिनं त्या रात्री नेमकं हेच केलं होतं. उत्तर प्रश्नाच्या आधी येऊ शकत नाही, म्हणून घड्याळ चूक आहे, एवढा सरळ विचार. मी मात्र पडद्यावरच्या अंकांना प्रमाण मानलं आणि माणसाच्या वाचण्यात चूक शोधली. अंक सहा आकडी दशांशापर्यंत छापलेले असतात, म्हणून ते खरे वाटतात. गूगलनं २०१२ साली स्पॅनर या आपल्या डेटाबेसची रचना प्रसिद्ध केली. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की तिथे "आत्ता किती वाजले" विचारलं तर एक वेळ मिळतच नाही, दोन मिळतात: याच्या आधी नक्कीच नाही, याच्या नंतर नक्कीच नाही. आणि क्रम महत्त्वाचा असेल तेव्हा ते मधलं अंतर सरून जाईपर्यंत यंत्र थांबतं. अणुघड्याळं आणि जीपीएस हाताशी असलेल्या लोकांनी हे लिहिलं आहे, याचा मी खूप विचार करतो. सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर सेकंद बांधून झाला, १९६७ पासून तो तसाच आहे, तरी पृथ्वी आपल्या लहरीने फिरते म्हणून १९७२ पासून सत्तावीस लीप सेकंद, म्हणजे जादा सेकंद, घालावे लागले. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला जगभरचे कितीतरी लिनक्स सर्व्हर अडकून पडले होते, कर्नेलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, एका चुकीमुळे. आता २०३५ पर्यंत ही पद्धतच थांबवायचं ठरलं आहे. ज्या दिवशी ते ठरलं त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या टेबलाशी गेलो. चॅटवर लिहिणं मला बरं वाटेना. "त्या रात्री तू बरोबर होतीस," मी म्हणालो, "आणि त्या बायोसमध्ये वेळ मी भरली होती." ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, मी नंतर खरंच टाइमझोन बघत होते. पहाटे चारपर्यंत." रागाने नाही, नुसतं सांगितलं. तेवढ्यानं मला जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही. तिनं त्या दोन ओळी वहीत उतरवून ठेवल्या होत्या, आणि दुसऱ्या ओळीपासून पहिलीकडे जाणारा एक उलटा बाण काढला होता. बाणावर पेन दोन-तीनदा फिरवलेलं होतं.

घटनेचा अहवाल लिहायचं काम मी तिला दिलं, आणि दोघं बसूनच लिहिलं. पाच दिवसांचा क्रम लावायचा होता, आणि तिसऱ्या कंट्रोलरची एकही वेळ जशीच्या तशी घेता येत नव्हती. तिनं दोन रकाने आखले: "नोंदलेली वेळ" आणि "दुरुस्त वेळ". तिसऱ्या कंट्रोलरच्या प्रत्येक ओळीत त्र्याऐंशी सेकंद मिळवायचे. आम्ही ते स्क्रिप्टने करू शकलो असतो, पण ती एकेक ओळ वाचत होती, बेरीज करत होती, मी समोरून तपासत होतो. ०२:१३:१५ चं ०२:१४:३८ झालं. प्रश्नानंतर एका सेकंदाने उत्तर. ती ओळ जागेवर बसली तेव्हा ती हसली.

मग तिचा हात थांबला. पुढची नोंद चॅटमधली होती, चॅटचं घड्याळ शाबूत होतं. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "हे ठेवू का?"

"ठेव."

तिनं लिहिलं: निरीक्षण कळवलं, टाइमझोन तपासण्यास सांगण्यात आलं. पहिल्या रकान्यात ०२:३१. दुसऱ्या रकान्यातही ०२:३१.